यादी आहे, माणूस नाही

जुना वाडा किंवा जुनं घर ज्यांच्या वाट्याला आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वारसा यादीत नाव आलं की वास्तू सुरक्षित झाली, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. लहान नगरपरिषदेच्या गावात तसं होत नाही. तिथे यादी असते, नियम असतात, पण ते राबवायला माणूस नसतो. मग तीच यादी साध्या दुरुस्तीच्या आड येते. आमच्या घरावर हे बेतलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

आमचा वाडा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. दोन चौक, सागवानी खांब, खाली दगडी जोतं, वर भेंड्यांच्या भिंती. मागच्या भिंतीला पोट सुटलं, तेव्हा आम्ही दुरुस्तीच्या परवानगीसाठी अर्ज केला. वाडा यादीत असल्यामुळे वारसा समितीचा अभिप्राय हवा होता. समितीची मुदत संपलेली, नवी नेमलेली नव्हती. फाइल जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात गेली आणि ‘समितीचा अभिप्राय जोडावा’ असा शेरा घेऊन परत आली. अर्ज ज्यांच्या टेबलावर होता ते अभियंता सज्जन गृहस्थ. पण रस्ते, गटारं, पाण्याची लाइन, घरकुलं आणि बांधकाम परवानग्या हे सगळं त्यांच्या एकट्याकडे, वर शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार. चुन्यातलं काम त्यांना कोणी कधी शिकवलेलंच नव्हतं.

पावसाळा लागला. भेंड्यांत पाणी मुरलं आणि एका पहाटे ती भिंत बसली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आठवडा उलटायच्या आत धोकादायक इमारतीची नोटीस दिंडी दरवाजावर चिकटली. खरा दोष इथे दिसतो. इमारत उतरवायला कायद्यात कलम आहे, नोटिशीचा ठरलेला नमुना आहे, मुदत आहे, ती बजावणारा कर्मचारी आहे. इमारत वाचवायला यातलं काहीही तयार नाही. दुर्घटना घडली तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. वाडा गेला तर कोणी विचारत नाही. अशा वेळी ‘उतरवून घ्या’ असं लिहिणं हाच त्याला सुरक्षित मार्ग वाटतो.

पैशाची गोष्टही वेगळी नाही. आमच्या नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात वारसा जतनासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष नव्हतं. गावातल्या घाटाची दुरुस्ती निघाली ती नेहमीच्या बांधकामाच्या दरसूचीवर आणि कमी दराच्या निविदेवर. साहजिकच दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. चुन्याच्या आणि मातीच्या बांधकामातला ओलावा बाहेर पडायला वाट लागते. सिमेंट ती वाट बंद करतं, ओल आत कोंडते, आणि काही वर्षांत गिलावा दगड-माती सोबत घेऊनच सुटतो. चुना विरवून मुरू द्यावा लागतो, कामाला वेळ लागतो, जाणता गवंडी लागतो. यातलं निविदेत काही लिहिलेलं नसेल, तर ठेकेदाराला दोष देऊन काय उपयोग?

कागदावर आपण मागे नाही. मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली आली, ती देशातली पहिली. २०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा वास्तूंसाठी तरतुदी आहेत. फरक पडतो तो माणसांमुळे. पुणे महापालिकेत स्वतंत्र हेरिटेज सेल आहे. विश्रामबागवाडा आणि नानावाडा यांची कामं झाली, कारण ती बघणं ही तिथे कोणाची तरी रोजची जबाबदारी होती. लहान गावातला वाडा तितकाच जुना असतो, पण त्याच्यासाठी खुर्ची नसते.

आमचा वाडा आज उभा आहे. त्यासाठी जे करावं लागलं, ते इतरांनी वेळेआधी करावं.

सगळ्यात आधी घराची नोंद करा. मोजमापाचे नकाशे, प्रत्येक खणाचे, खांबाचे आणि तुळईचे तारीखवार फोटो, आणि मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा जवळ ठेवा. सहहिस्सेदार चार गावांत विखुरलेले असतील तर एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घ्या. सह्यांअभावी अडलेले अर्ज मी खूप पाहिले आहेत.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. प्रश्न थेट विचारा: आमची वास्तू यादीत आहे का, कोणत्या दर्जात? समितीवर आज कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली? या विषयाचा कार्यभार कोणत्या पदाकडे आहे? अर्थसंकल्पात तरतूद किती? दर्जा कळणं फार महत्त्वाचं आहे. पहिल्या दर्जात बदलाला जवळजवळ वाव नसतो, दुसऱ्या आणि तिसऱ्यात वापरानुसार बराच असतो.

स्ट्रक्चरल ऑडिट लाकूड आणि चुना जाणणाऱ्याकडूनच करून घ्या. आमच्याकडे पहिल्या तपासणीत ‘खांब कुजले, इमारत निकामी’ असं लिहून आलं. जतनाचं काम करणाऱ्या वास्तुविशारदांनी सुतार बरोबर आणला. त्याने पटाशीने प्रत्येक खांब टोकरून पाहिला. कूज तळखड्यापासून वीतभरच चढली होती, वरचं सागवान खणखणीत होतं. धिरे देऊन भार उचलला, कुजका भाग कापला आणि जुन्याच सागाचा तुकडा सांध्यात बसवला. नव्या काँक्रीटची गरज लागली नाही.

नोटीस आली तर घाबरून सही करू नका आणि दुर्लक्षही करू नका. तिचा मजकूर नीट वाचा. आमच्या नोटिशीत इमारत सुरक्षित करण्याचा पर्यायही होता, नुसतं पाडायला सांगितलेलं नव्हतं. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, ऑडिट आणि कामाचं वेळापत्रक जोडा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मात्र माणसांच्या जिवाशी तडजोड नको. भाग खरोखर कमकुवत असेल तर तो आधी रिकामा करा आणि धिरे लावा.

गावाची विकास योजना सुधारली जात असेल तर प्रारूप नकाशा स्वतः जाऊन बघा. रस्तारुंदीची रेषा आपल्या ओसरीवरून गेली असेल तर हरकत मुदतीतच घ्यावी लागते. मागाहून केलेल्या धावपळीतून फारसं हाती लागत नाही.

एवढं करूनही एकेकट्या घरमालकाची लढाई पुरी पडणार नाही. प्रत्येक लहान नगरपरिषदेला पूर्णवेळ वारसा अधिकारी परवडणार नाही, हे मान्य. पण जिल्ह्यातल्या पाच-सहा नगरपरिषदांनी मिळून एक जतन-वास्तुविशारद मानधनावर नेमला, तर त्याचा खर्च एखाद्या गल्लीच्या काँक्रिटीकरणापेक्षा जास्त होणार नाही. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत ठरतो, म्हणून मागणी दिवाळीनंतर लगेच करा. लेखी करा, आणि गावातल्या दहा घरमालकांच्या सह्यांनिशी करा.

आपल्या प्रभागाचे नगरसेवक भेटतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा: आपल्या गावातल्या जुन्या वास्तूंचं काम नगरपरिषदेत कोणाकडे आहे? नाव सांगता आलं नाही, तर ते पद मंजूर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. वाडा वाचवायला पैसा लागतो, चुना लागतो, सुतार लागतो, पण या सगळ्याआधी त्या कामाला जबाबदार असा एक माणूस लागतो.