नवा सेन्सर घेण्याआधी

बंपरखाली पाय दाखवला की आपोआप उघडणारी डिक्की म्हणजे निव्वळ चैन, असं बरेच जण म्हणतात. आमच्या घरी तसं नाही. आईला गाडीपर्यंत आणायचं तर एक हात तिच्या पाठीशी आणि दुसऱ्या हातात घडी केलेली व्हीलचेअर. अशा वेळी चावीसाठी खिसा चाचपडायचा तर आईला सोडावं लागतं. म्हणून ग्वाल्हेरच्या मेळ्यात रोड टॅक्सची निम्मी सूट जाहीर होईपर्यंत आम्ही थांबलो आणि वाचलेल्या पैशांत ही सोय असलेलं वरचं मॉडेल घेतलं. 1905 पासून भरणाऱ्या या मेळ्यात गाडी घेणं हा इकडच्या मराठी घरांतही ठरलेला बेत असतो.

सगळं छान चाललं होतं. मग थाटीपुर चौकात एका ई-रिक्षाने मागून धडक दिली. बंपर फाटला, विम्यातून काम झालं, रंगही असा जुळला की ओरखडा कुठे होता ते सापडू नये. डिक्की मात्र पायाला दाद देईना. वर्कशॉपचं उत्तर तयार होतं: सेन्सर गेला, आख्खा सेट बदला, आणि अपघाताचं प्रकरण असल्याने वॉरंटी नाही.

इथेच सांगतो, असं ऐकल्यावर लगेच पैसे काढू नका. आधी चावीवरचं डिक्कीचं बटण दाबून पाहा. डिक्की नेहमीसारखी वर गेली, तर मोटर, कुलूप आणि गाडीची बॅटरी शाबूत आहेत. दोष इशारा ओळखणाऱ्या भागात आहे. बटणानेही हलली नाही, तर बंपरखाली शोधण्यात अर्थ नाही. बॅटरीची तार काढली असेल, तर बऱ्याच गाड्यांत डिक्की एकदा हाताने पूर्ण बंद करावी लागते, मगच ती पुन्हा आपोआप चालू लागते. स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू आहे ना, तेही बघा. चावीतला सेल, बहुधा सीआर 2032, उतरला असेल तर गाडी तुम्हाला ओळखतच नाही. दुसरी चावी आत राहिली असेल तरी काही गाड्या डिक्की उघडत नाहीत.

आता पायाचं. यात लोक सर्वांत जास्त अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बऱ्याच गाड्यांत बंपरच्या आतल्या बाजूला दोन पट्ट्या असतात, एक वर आणि एक खाली. त्यांच्याभोवती हलकंसं विद्युतक्षेत्र असतं आणि माणसाचं शरीर जवळ आलं की ते बदलतं. वरची पट्टी नडगी हेरते, खालची पाऊल. दोन्हींना ठरावीक वेळात बदल जाणवला तरच डिक्की उघडते, नाहीतर खालून मांजर गेलं तरी उघडली असती. म्हणून बंपरच्या मधोमध उभं राहायचं, पाय सरळ आत घालायचा आणि थांबवून न ठेवता लगेच मागे घ्यायचा. आडवा फिरवला की नडगी जवळ येतच नाही. प्रतिसाद मिळाला नाही तर दोन क्षण थांबून पुन्हा. घाईघाईने पाय हलवत राहिलं तर ती यंत्रणा काहीच मोजत नाही. सायलेन्सरचं तोंड कुठे आहे ते आधी बघून ठेवा, प्रवासातून आल्यावर ते चांगलंच भाजतं. डिक्की हलू लागली की एक पाऊल मागे.

फोर्डने 2013 च्या एस्केप मॉडेलमध्ये हा पायाचा इशारा आणला. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या नव्या हॅरियर आणि सफारीतही तो आहे. पण सगळ्यांची रीत एक नाही. ह्युंदाईच्या ट्यूसाँमध्ये पाय हलवायचाच नसतो, चावी खिशात ठेवून मागे सुमारे तीन सेकंद उभं राहायचं असतं. तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक उघडाच.

आमच्या गाडीत हे सगळं ठीक होतं आणि तरी काही होत नव्हतं. शेवटी थाटीपुरातल्याच एका ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडी वर घेतली आणि टॉर्च मारला. बंपर बसवताना खालच्या पट्टीच्या क्लिपा लावल्याच नव्हत्या. पट्टी एका टोकाला लोंबत होती. कनेक्टर अर्धाच आत, आणि पिनांवर हिरवट थर चढू लागलेला. त्याने पिना साफ केल्या, कनेक्टर टक् वाजेपर्यंत दाबला, पट्टी मूळ जागी अडकवली. मी पाय घातला, इंडिकेटर लुकलुकले आणि डिक्की वर गेली. सेन्सर शाबूत होता. आईच्या औषधांच्या महिन्याच्या खर्चापेक्षा मोठी रक्कम त्याच्यासाठी मागितली गेली, याचा मला आजही राग येतो.

म्हणून मागच्या बंपरचं काम निघालं, तर विम्याच्या सर्व्हेअरला गाडीत पायाने चालणारा सेन्सर आहे हे आधीच सांगा आणि त्याची तपासणी जॉब कार्डवर लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना सही करण्यापूर्वी, चावी खिशात ठेवून, तिथेच डिक्की उघडून बघा. रंग सगळेच बघतात, हे कोणी बघत नाही.

धडक बसल्यावर मागे स्टीलचा गार्ड लावायचा सल्लाही मिळतो. लावू नका. धातू मध्ये आला की पट्टीला पाय नीट कळत नाही. शिवाय डिसेंबर 2017 मध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार लावणाऱ्यांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. गाडी धुताना चावी घरात ठेवा किंवा ही सोय बंद करा. पाण्याचा जोरदार फवारा बंपरखाली गेला की डिक्की उघडू शकते, आणि पोर्चचं छत खाली असेल तर ती थेट त्यावर आदळते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हा पायाचा इशारा शिकवू नका. एका पायावर तोल सांभाळण्यापेक्षा त्यांनी चावीचं बटण दाबावं.