मागच्या दाढा गेल्या, आता काय?

प्रश्न : वय ५८. खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन्ही दाढा वर्षभरापूर्वी काढल्या. अक्कलदाढही नाही. मधुमेह आहे. ब्रिज बसवावा की इम्प्लांट? - एक वाचक, सातारा

उत्तर : ब्रिजला दोन्ही बाजूंनी आधार लागतो. तुमच्या रिकाम्या जागेच्या मागे दातच नाही, त्यामुळे नेहमीचा ब्रिज बाद. पुढच्या दातांवर लोंबता ब्रिज कोणी सुचवला, तर मी सावध राहीन; दाढेवरचा जोर मोठा, आधाराचे दातच हलू लागतात.

राहिले दोन पर्याय. काढती कवळी स्वस्त, पण मागे ती हिरडीवरच टेकते. शेंगदाणे खाताना दाणा खाली सरकतो आणि टोचतो. मग बरेच जण ती डबीतच ठेवतात. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, मग वर कॅप. मधुमेह आटोक्यात असेल तर तो अडथळा नाही. मात्र आधी एचबीए१सी तपासा, तंबाखू सोडा. हाडांसाठीची औषधे चालू असतील तर तेही सांगा. खालच्या जबड्यातली नस किती खोल आहे, हे सीबीसीटी स्कॅनवर कळते.

तिसरा मार्गही आहे, तो दवाखान्यात क्वचितच सांगितला जातो : काहीच न करणे. उजवीकडून भाकरी नीट चावता येत असेल, तर चालते. फक्त वरच्या दाढा खाली उतरताहेत का, हे दर सहा महिन्यांनी दाखवून घ्या.