हमालाच्या पायाची किंमत

चि. पुतणीस,

वाशिमच्या न्यायालयात वकिली सुरू केलीस आणि ट्रकच्या धडकेत जखमी झालेल्या माणसाचा दावा हाती आला, हे कळलं. या जिल्ह्यात असे दावे येतच राहणार. अकोल्याहून हिंगोली-नांदेडकडे जाणारा महामार्ग वाशिमवरून जातो. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला आहे. सोयाबीनच्या हंगामात तर रात्रभर मालाच्या गाड्यांची रीघ असते.

नवा वकील आधी ‘चूक कोणाची’ या प्रश्नात गुंततो. उदाहरण घे: 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली. सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारे 12 जण गेले, वीसहून अधिक जखमी झाले. मागून धडकली म्हणजे दोष मिनीबसचा, असं वरवर वाटतं. पण परिवहन विभागाच्या पथकाने तो ट्रक रस्त्यावर थांबवला होता असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. अशा वेळी दोन्ही गाड्यांच्या विमा कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवू शकतात. प्रवाशाने मात्र त्या वादात पडण्याचं कारण नाही. दोन्ही वाहनचालकांची चूक असेल, तर त्रयस्थ जखमीला पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे. आपापसातला हिशेब त्यांनी नंतर करावा. शिवाय अपघात वैजापूरला झाला म्हणून वाशिमच्या माणसाला तिकडे खेपा घालाव्या लागत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे राहत्या ठिकाणच्या अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो.

माझ्या मते दावा खरा कमकुवत होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. जखमी माणसाचं काम नेमकं काय होतं, हे कागदावर येतच नाही. ‘मजुरी’ असा एक शब्द लिहिला जातो आणि अपंगत्वाचा दाखला जोडला की काम झालं असं मानलं जातं.

समज, कारंज्याच्या बाजार समितीतला 28 वर्षांचा हमाल आहे. ट्रकने दुचाकीला उडवलं आणि त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दाखल्यावर अपंगत्व 40 टक्के. डॉक्टरांनी पाय मोजला, तो बरोबरच मोजला. पण पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाची कमाई 40 टक्क्यांनी घटत नाही, त्याची हमालीच संपते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक समजावून सांगितला आहे. डावा हात गेलेल्या सुताराचं किंवा ड्रायव्हरचं सगळं काम बुडू शकतं, कारकुनाचं तसं होत नाही. म्हणून दाखल्यावरचा आकडा उचलून कमाईच्या नुकसानीचा आकडा म्हणून लिहू नये. 2014 मध्ये कर्नाटकातल्या एका भाजीविक्रेत्याच्या दाव्यात उच्च न्यायालयाने धरलेली 65 टक्के हानी सर्वोच्च न्यायालयाने 85 टक्क्यांवर नेली. उजवा पाय गेलेला माणूस गल्लोगल्ली भाजी कशी विकणार, हा साधा विचार त्यामागे होता.

आता रुपयांत पाहा. महिना 12,000 धरले तर वर्षाचे 1,44,000. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे, हे 2017 च्या प्रणय सेठी निकालाने ठरवलं. ते जखमींनाही लागू असल्याचं 2020 मध्ये पुन्हा सांगितलं गेलं. झाले 2,01,600. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात 26 ते 30 वयाला 17 चा गुणक आहे. गुणाकार 34,27,200, हमाली पूर्ण बुडाली असं धरलं तर हेच नुकसान. दाखल्यावरचे 40 टक्के धरले तर हातात 13,70,880 येतात. उपचार, वेदना, कृत्रिम पाय यांचा खर्च वेगळा. वीस लाखांहून अधिक रकमेचा हा फरक केवळ काम नीट सिद्ध झालं की नाही यावर ठरतो.

म्हणून जखमीच्या घरी जा. बाजार समितीचा हमालीचा परवाना, माथाडी मंडळातली नोंद, अडत्याच्या वहीतली हमाली, बँकेचं पासबुक, जे मिळेल ते गोळा कर. अडत्याला किंवा मुकादमाला साक्षीला आण. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीत थेट विचार: हा माणूस पोतं उचलू शकेल का? फळी चढू शकेल का? शेतात निंदणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या बाईचा दावा असेल, तर दोन्ही कामं लिही. घरकामाला पैशाची किंमत आहे, हे 2021 च्या कीर्ती निकालात न्यायालयाने ठणकावून सांगितलं आहे.

मुदत विसरू नकोस. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण आपल्या अशिलाचं नशीब त्यावर टांगू नये. पोलिसांच्या अपघात अहवालाची प्रत, पंचनामा, ट्रकची विमा पॉलिसी आणि ड्रायव्हरचा परवाना पहिल्या काही आठवड्यांतच मागून घे. परवान्यात खोट निघाली तरी घाबरू नकोस. कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असे आदेश 2004 च्या स्वरणसिंग निकालापासून होत आले आहेत.

लोकअदालतीत तडजोडीचा आकडा आला तर वरचा हिशेब मांडून तो अशिलाला समजेल अशा भाषेत सांग. हो-नाही त्याला ठरवू दे. दवाखान्यातून केस आणून देणाऱ्या दलालाला दारात उभं करू नकोस.

आणि भरपाईतला वाटा मागू नकोस. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत हिस्सा घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मना आहे, तरी टक्केवारीची बोली होते. ती रक्कम म्हणजे त्या माणसाची पुढच्या सगळ्या वर्षांची मजुरी आहे. फी आधी ठरव, लेखी दे, घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती दे आणि भरपाई थेट त्याच्याच खात्यात जमा होईल असं बघ.

तुझा काका