फ्लॉपी गेली, नोंदी अडकल्या

शाळेचे कपाट आवरताना आम्हांला फ्लॉपींचा डबा सापडला. जुन्या निकालांच्या नोंदी त्यांत आहेत, पण वाचायला यंत्रच नाही! जोयड्याच्या पावसाळी ओलीने काहींवर बुरशीही चढली आहे.

साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावत. १९९४ मध्ये आयोमेगा कंपनीची १०० एमबीची झिप डिस्क आली, पाठोपाठ १२० एमबीची सुपरडिस्क. सुपरडिस्कचा ड्राइव्ह तर जुन्या फ्लॉपीही वाचत असे. तरी दोघी मागे पडल्या. समोरच्याकडे तोच ड्राइव्ह नसेल, तर डिस्क नेऊन उपयोग काय? ७०० एमबीची सीडी स्वस्त झाली आणि तिचा ड्राइव्ह बहुतेक संगणकांत आधीच बसवलेला असे. २००० साली आलेले पेन ड्राइव्ह अवघे ८ एमबीचे होते, पण यूएसबी पोर्ट असले की झाले!

आपल्याकडची मोझर बेअर कंपनी १९८० च्या दशकात फ्लॉपी बनवी, पुढे सीडी. २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला.

पालकांपैकी कोणाकडे चालू फ्लॉपी ड्राइव्ह असल्यास कृपया कार्यालयात कळवावे. बुरशीची फ्लॉपी मात्र आम्ही त्यात घालणार नाही, ड्राइव्हही बिघडतो.