पाण्यात पाय सोडण्याआधी

मावशीचा मधुमेह जुना. लग्नघरी दिवसभर उभी राहून आली, तेव्हा तिने गिझरच्या पाण्याने टब भरला, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि टीव्हीसमोर पाय सोडून बसली. पाणी तिला कोमटच लागत होतं. सकाळी दोन्ही तळव्यांच्या कडेला फोड दिसले. दुखत काहीच नव्हतं, म्हणून ती घरीच हळद लावत राहिली. डॉक्टरांकडे गेली तोवर जखम चिघळली होती, आणि ती भरायला कित्येक आठवडे लागले.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसांना इजा होते. सगळ्यात लांब नसा पायांकडे जातात, त्यामुळे बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की रुग्णांच्या हातापायांवरच्या बऱ्याचशा जखमा वेदना जाणवत नाही म्हणून होतात. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान त्यांनी मधुमेहींचे पाय वाचवायला वापरलं. 60 अंश सेल्सिअसचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं. 49 अंशांच्या पाण्याला पाच ते दहा मिनिटं लागतात, आणि टबात माणूस निवांत बसतो तोही तेवढाच वेळ. धडधाकट पाय त्याआधीच मागे ओढला जातो. मावशीचा तिथेच राहिला.

आता भिशीत पायांचा विषय निघाला की ती आधी एवढंच विचारते, ‘साखर आहे का तुला?’ असेल तर पाय भिजवत बसायचं नाही. कोमट पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या आणि रोज तळवे निरखायचे. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरायचा.

ज्यांना असा त्रास नाही, त्यांनी खुशाल टब भरावा. फक्त उघडी जखम, रक्त येणारी भेग किंवा चिखल्या असतील तर आधी त्या बऱ्या होऊ द्याव्यात. पाणी कोपर बुडवून पाहावं. 37 अंशांच्या आसपास पुरे. दहा मिनिटांत टाच मऊ होते. त्याहून जास्त भिजवली तर कातडीतलं तेल निघून जातं आणि भेगा वाढतात. मिठाने शरीरातली विषं बाहेर पडतात, हे खरं नाही. पाण्यात पिळलेलं लिंबू भेगांना झोंबतं.

वजरी हलक्या हाताने फिरवावी. जाड कातडी एका बैठकीत काढण्याचा अट्टहास नको, ब्लेड तर नकोच. नखं सरळ कापावीत. कोपरे कोरले की नख मांसात रुततं. भोवरीवर लावायच्या औषधी पट्ट्यांमध्ये बहुधा सॅलिसिलिक आम्ल असतं. ते चांगली कातडीही जाळतं, म्हणून मधुमेहींनी त्या लावू नयेत.

टब स्वच्छ ठेवणंही तितकंच महत्त्वाचं. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथे एका नेल सलूनमध्ये पाय बुडवलेल्या शंभरहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवं उठली. टबाच्या जाळीत केस आणि कातडीचा कचरा साचला होता, आणि त्यात क्षयाच्या जंतूंच्या कुळातले जंतू वाढले होते. आधी पायांवर रेझर फिरवलेल्यांना धोका जास्त होता. घरीही वापरलेला टब साबणाने घासून उन्हात वाळवावा, आणि पायांचे केस काढल्यावर लगेच ते भिजवू नयेत.

खरं सुख पाय भिजवून झाल्यानंतरचं. कोरड्या तळव्याला तूप किंवा खोबरेल लावून काशाची वाटी फिरवायची. तेल काळं पडतं ते अंगातली उष्णता निघाली म्हणून नव्हे, तो काळेपणा धातूचा असतो. पण तळवा सैलावतो आणि झोपही छान लागते. टाचांच्या भेगांसाठी कोकणात कोकमतेलाचा गोळा वितळवून लावतात. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल नको, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. वर सुती मोजे चढवावेत आणि मगच फरशीवर पाय टेकवावा. तेलकट तळवा गुळगुळीत टाइल्सवरून सहज घसरतो.