छायाचित्र वाचावें कसें?

विद्यार्थिमित्रांनो, बहुतेक जुन्या शाळा-कॉलेजांच्या भिंतींवर चौकटींत बसविलेलीं छायाचित्रें तुम्हीं पाहिलीं असतील. मधोमध खुर्चीवर प्रिन्सिपॉलसाहेब, त्यांच्या दोन्ही बाजूंस अध्यापकमंडळी, मागें ओळीनें उभे असलेले विद्यार्थी, आणि अगदीं कडेला, निम्मा चौकटीबाहेर गेलेला एखादा पट्टेवाला. आपण क्षणभर थांबतों, ओळखीचें कोणी आहे काय एवढें पाहतों आणि पुढें जातों. वास्तविक पुस्तकाप्रमाणें छायाचित्रहि वाचतां येतें. मात्र तें आपण होऊन बोलत नाहीं. त्याला प्रश्न विचारावे लागतात. तें केव्हां घेतलें, कशासाठीं घेतलें, खालचीं नांवें कधीं लिहिलीं गेलीं, आणि चौकटींत कोण नाहीं? आज अशा एकाच चित्राचा अभ्यास करूं.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं १८५० सालीं केवळ स्त्रियांसाठीं एक वैद्यकीय कॉलेज निघालें. पुढें तें वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया या नांवानें प्रसिद्धीस आलें. कालांतरानें तेथें पुरुषांनाहि प्रवेश मिळूं लागला व संस्थेचें नांव पालटलें. तिचे जुने कागद व छायाचित्रें आज त्याच शहरांतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयानें जतन करून ठेवलीं आहेत. त्या संग्रहांत १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचें एक छायाचित्र आहे. तीन तरुण विद्यार्थिनी शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. डावीकडे लुगडें नेसलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी, मध्यें किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, आणि उजवीकडे आपल्या देशच्या पोशाखांत सिरियाच्या साबात इस्लामबुली. आनंदीबाईंचें वय तेव्हां अवघें वीस वर्षांचें होतें.

तिघींच्याहि मुद्रा गंभीर आहेत. जुनीं छायाचित्रें पाहून मुलें नेहमीं म्हणतात, कीं पूर्वींचीं माणसें फार कठोर होतीं. तसें समजण्याचें कारण नाहीं. त्या काळीं यंत्रापुढें निश्चल बसावें लागे, आणि ओठांवरचें हसूं स्थिर धरून ठेवणें हें मान स्थिर ठेवण्याहून कठीण आहे. शिवाय छायाचित्र काढविणें हा नित्याचा प्रकार नसून एक समारंभच होता.

पोशाखाकडेहि असेंच लक्ष द्यावें. तिघीजणी आपापल्या देशच्या वेषांत आहेत. हातीं पुस्तक नाहीं, कीं वैद्यकीचें एखादें उपकरण नाहीं. शरीरविच्छेदनाच्या खोलींत कोणी असें बसत नसे. आपल्या विद्यालयाची कीर्ति किती दूरवर पोंचली आहे हें मित्रजनांस व देणगीदारांस दाखवावें, हा या चित्राचा एक हेतु असावा, असा तर्क करण्यास हरकत नाहीं. तेव्हां हें चित्र तेथील रोजच्या जीवनाचें नव्हे, एका विशेष दिवसाचें आहे.

आतां खालचा मजकूर पाहूं. खरी मौज तेथेंच आहे. तिघींचीं नांवें व गांवें इंग्रजींत दिलीं आहेत. आनंदीबाईंचें नांव 'आनंदाबाई' असें आहे आणि गांव 'सेरानिसोर'! असें गांव हिंदुस्थानच्या नकाशांत शोधून सांपडणार नाहीं. तें बंगालमधील श्रीरामपूर होय. आनंदीबाईंचे पति गोपाळराव टपालखात्यांत नोकरीस होते व त्यांची बदली तेथें झाली होती. अमेरिकेस जाण्याचा हेतु स्पष्ट करणारें आनंदीबाईंचें प्रसिद्ध भाषण फेब्रुवारी १८८३ मध्यें तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यांत झालें, आणि लौकरच त्यांनीं कलकत्त्याहून प्रयाण केलें. म्हणजे चित्राखालचें गांव जन्माचें नव्हे, शेवटच्या मुक्कामाचें. त्यावरच विसंबणारा परदेशी वाचक या महाराष्ट्रकन्येस बंगाली समजला, तर त्याला दोष कसा द्यावा? साबातबाईंच्या नांवाचीहि अशीच गत झाली आहे; तेथें 'ताबात' असें आढळतें.

याहून सूक्ष्म गोष्ट निराळीच आहे. तिन्ही नांवांमागें 'डॉक्टर' हा किताब आहे. परंतु आनंदीबाईंस पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजीं. ओकामीबाईंस १८८९ मध्यें आणि इस्लामबुलीबाईंस १८९० मध्यें. छायाचित्राच्या दिवशीं तिघींपैकीं एकहि डॉक्टर झालेली नव्हती. तेव्हां ती ओळ चित्राबरोबर लिहिलेली नसून निदान चार वर्षांहून अधिक काळानें लिहिलेली दिसते. चित्र एका काळचें आणि त्याखालचा मजकूर दुसऱ्या काळचा, हें संग्रहांतील छायाचित्रांच्या बाबतींत वारंवार घडतें.

पुढें या तिघींचें काय झालें? आनंदीबाई क्षयानें जर्जर होऊन १८८६ च्या अखेरीस स्वदेशीं परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील स्त्रीविभागाची नेमणूक हातीं असतां, ती जागा न सांभाळतांच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. त्यांचें इंग्रजी चरित्र कॅरोलाइन डॉल यांनीं १८८८ सालीं प्रसिद्ध केलें, मराठी चरित्र काशीबाई कानिटकरांनीं लिहिलें. ओकामीबाईंनीं टोकियोच्या रुग्णालयांत काम केलें व पुढें स्वतःचा दवाखाना काढला. इस्लामबुलीबाईंविषयीं मात्र फारच थोडें सांगतां येतें. त्या दमास्कसला परतल्या व नंतर कैरोस होत्या, एवढेंच. त्यांच्या कॉलेजाचाहि त्यांच्याशीं संबंध तुटला. एकाच दिवशीं, एकाच चौकटींत बसलेल्या तिघी. एकीवर ग्रंथ झाले, आणि एकीचें धड नांवहि उरलें नाहीं!

चौकटींत कोण नाहीं, हा प्रश्न राहिला. कॉलेजच्या डीन रेचेल बॉड्ली येथें नाहींत. या मूळच्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका. १८७४ पासून १८८८ मध्यें निधन होईपर्यंत त्यांनीं ती जबाबदारी वाहिली. आनंदीबाईंना मुलीप्रमाणें घरांत ठेवून घेणाऱ्या रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई नाहींत. पुढें आनंदीबाईंची रक्षा त्यांच्याकडेच पाठविली गेली. आणि प्रयोगशाळा झाडणारीं, शेगड्या पेटविणारीं माणसेंहि नाहींत.

आपल्या घरीं व शाळेंत जीं चित्रें आहेत, त्यांच्याविषयीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पालकांनींहि लक्ष द्यावें. नांवें पाठीमागें, कडेजवळ, मऊ पेन्सिलीनें व हलक्या हातानें लिहावीं. शाई वापरूं नये; पावसाळ्यांत ओल लागली कीं ती पुढच्या बाजूस उतरते. ओळीचा क्रम डावीकडून उजवीकडे असा स्पष्ट नमूद करावा, आणि चित्राची तारीख व लिहिणाऱ्याची तारीख या दोन्ही वेगवेगळ्या द्याव्या. स्त्रियांचीं माहेरचीं व सासरचीं अशीं दोन्ही नांवें द्यावीं. आनंदीबाई माहेरीं यमुना होत्या, हें ठाऊक नसेल तर त्यांच्या बालपणचा कागद हातीं येऊनहि ओळखूं येणार नाहीं. कडेला उभ्या असलेल्या पट्टेवाल्याचें नांव मात्र त्याच्याकडे जाऊनच विचारावें लागेल. वर्गाच्या हजेरीपटांत तें नसतें.