विषयांचे रंग

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की घरोघरी वह्यांना कव्हरे घालण्याची धांदल उडते. भूगोलाला हिरवे, गणिताला निळे, इतिहासाला तांबडे असे कागद निवडले जातात आणि त्यावरून भावंडांत वादही होतात. ही निवड बहुधा ज्याच्या त्याच्या आवडीची असते. परंतु काही विषयांत रंगांना फार पूर्वीपासून कामे नेमून दिलेली आहेत.

भूगोलाचेच पाहावे. प्राकृतिक नकाशात समुद्र व नद्या निळ्या, सखल मैदाने हिरवी, पठारे पिवळी आणि पर्वत तपकिरी दाखविण्याची पद्धत आहे. तेव्हा भूगोलाला हिरवा रंग शोभतो खरा. पण येथेच पुष्कळांची फसगत होते. हा हिरवा रंग झाडांचा नव्हे. तो केवळ जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. कच्छचे मोठे रण अतिशय सखल असल्यामुळे अशा नकाशात हिरवे दिसते. प्रत्यक्षात पावसाळ्याचे पाणी आटल्यावर तेथे कोसच्या कोस मिठाचा पांढरा थर चकाकत असतो. उलट महाबळेश्वरच्या दाट झाडीवर, ते ठिकाण उंच असल्यामुळे, तपकिरी छटा येते. नकाशाची सूची न वाचता निघालेला प्रवासी रणात सावली शोधीत बसावयाचा!

इतिहासाचा तांबडा रंगही नकाशातच सापडतो. इंग्रज आपल्या साम्राज्याच्या नकाशांत ताब्यातील मुलूख तांबड्या किंवा गुलाबी रंगाने रंगवीत. १९४७ पर्यंत हिंदुस्थानही त्याच रंगात असे. त्या काळच्या मुलांना स्वतःचा देश परक्यांच्या रंगात ओळखावयास शिकावे लागे.

भाषेचा रंग कोणता, असे विचारल्यास शाईचा काळा, हे उत्तर चटकन सुचते. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत मात्र आणखी दोन रंग आढळतात. मजकूर बोरूने काळ्या शाईत लिहीत. श्लोकांचे अंक किंवा अध्यायाची समाप्ती तांबड्या रंगात दाखवीत. एखादे अक्षर चुकले, तर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप त्यावर देत आणि तो वाळला की नवे अक्षर लिहीत. केलेले काम व्यर्थ घालविणे या अर्थी ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. हरताळ विषारी असतो; आजच्या विद्यार्थ्याला खोडरबर पुरते हे बरेच.

गणिताला रंगाची गरज काय, असे वाटेल. १८४७ साली ऑलिव्हर बर्न या गृहस्थाने लंडनमध्ये युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तके नव्या रीतीने छापविली. ‘कोन कखग’ असे अक्षरांनी सांगण्याऐवजी त्याने सिद्धतेच्या ओळीतच तांबडा, पिवळा किंवा निळा कोन काढून दाखविला. अशी छपाई खर्चाची होती. परंतु कोणत्या कोनाविषयी बोलणे चालले आहे, हे डोळ्यांना तत्काळ कळते.

विज्ञानाला मात्र एकच एक रंग देता येणे कठीण. तेथे रंग बदलतो, हीच खूण असते. सदऱ्यावर पडलेल्या हळदीच्या पिवळ्या डागाला साबण लावावा. डाग लालसर होतो. साबणातील अल्क हळदीला असा रंग आणते. त्याच डागावर लिंबाचा रस पिळला, की तो पुन्हा पिवळा होतो.